माती, ताट, आतडं आणि मेंदू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहार सल्लागार आहे. माहेर मंगळवेढ्याकडचं, त्यामुळे काळी माती आणि ज्वारी दोन्ही घरचीच. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्यांचे प्रश्न बदललेत. पूर्वी विचारायचे, "वजन कसं कमी करू?" आता विचारतात, "मॅडम, पोट बिघडलं की डोकंही बिघडतं का?" आणि त्यापाठोपाठ, "जमिनीतच कस राहिला नाही म्हणतात, मग भाजी खाऊन उपयोग काय?" तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

आतड्याचा आणि मेंदूचा संबंध खरंच असतो, की हे नवं खूळ आहे?

संबंध असतो, आणि तो तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. निकालाच्या दिवशी पोटात गोळा येतो, तो काही आदल्या रात्रीच्या जेवणामुळे नाही. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं. मेंदू आणि पोट यांना जोडणारी व्हेगस नावाची एक लांब नस आहे. गंमत म्हणजे तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. मेंदूकडून पोटाकडे हुकूम नेणारे त्यामानाने थोडे.

सेरोटोनिन या मनःस्थितीशी निगडित रसायनाबद्दल एक गोष्ट मात्र अर्धवट सांगितली जाते. "शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, म्हणून आतडं खूश तर तुम्ही खूश." पहिला भाग खरा आहे. पण आतड्यातलं ते सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही; रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी गाळणी आहे ती त्याला अडवते. मेंदू स्वतःचं सेरोटोनिन स्वतः बनवतो. आतड्याचा परिणाम होतो तो नसांमार्फत, रोगप्रतिकारक पेशींमार्फत आणि जिवाणूंनी तयार केलेल्या रसायनांमार्फत. म्हणजे रस्ता आहे, पण वळणावळणाचा.

आतड्यातले जिवाणू करतात तरी काय?

इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. संख्येने ते जास्त, पण सगळ्यांचं मिळून वजन २०० ग्रॅमच्या आसपास.

यातले बहुतेक राहतात मोठ्या आतड्यात, आणि त्यांच्या वाट्याला येतं ते आपल्याला न पचलेलं. म्हणजे मुख्यतः चोथा. साखर, मैदा, तेल वरच्यावर शोषलं जातं. खालपर्यंत पोहोचते ती भाकरीतली, सालीच्या डाळीतली, भाजीच्या देठातली तंतुमय द्रव्यं. जिवाणू ती आंबवतात आणि त्यातून काही छोटी आम्लं तयार होतात. त्यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य अन्न. अस्तर धड असलं की आतड्यातला नको तो माल रक्तात झिरपत नाही आणि अंगातला दाह (आतली सूज) आटोक्यात राहतो. दाहाचा आणि उदासीचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसला आहे.

जिवाणूंना चोथा दिलाच नाही तर? उंदरांवरच्या प्रयोगांत ते आतड्याच्या आतला बुळबुळीत थर खायला लागले. भाडेकरूला शिधा दिला नाही, तर तो घराच्या भिंती खरवडणारच.

मग रोज किती चोथा पोटात गेला पाहिजे?

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये छापलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या ज्वारीत चोथा सुमारे १० ग्रॅम, बाजरी आणि नाचणीत ११ च्या वर, अख्ख्या हरभऱ्यात तब्बल २५, आणि पॉलिश केलेल्या तांदळात ३ पेक्षाही कमी. आता तुमच्या ताटाचा हिशोब तुम्हीच करा. दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, एक पालेभाजी आणि एक पेरू असेल तर तुम्ही तिथे पोहोचलात. वरणभात, बटाट्याची भाजी आणि पापड असेल तर निम्मा पल्लाही गाठला नाही.

उसळ खाल्ली की गॅस होतो, घरात कुणाजवळ बसता येत नाही. काय करू?

हा प्रश्न लोक आवाज खाली करून विचारतात. कडधान्यांत काही अशा शर्करा असतात ज्या आपल्याला पचत नाहीत, जिवाणूंना पचतात, आणि त्यात वायू होतो. कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, मोड येऊ द्या, नीट शिजवा. हिंग-आलं-ओवा वापरतोच आपण. पण खरी चूक असते ती घाईची. महिनोन्महिने उसळीला शिवायचं नाही आणि सोमवारपासून एकदम दोन वाट्या! अर्धी वाटी मुगापासून सुरुवात करा, दोन-तीन आठवडे जाऊ द्या, पाणी वाढवा. वाल आणि चवळीच्या वाटेला नंतर जा. दुखणं, जुलाब, वजन घटणं असं काही सोबत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, ओव्यावर भागवू नका.

आम्ही पिढ्यान्पिढ्या शाकाहारी. मग आम्हाला हे वेगळं सांगायला नको ना?

नको असतं तर बरं झालं असतं! साबुदाण्याची खिचडी शाकाहारी, वडापाव शाकाहारी, चहात बुडवलेलं बिस्कीटही शाकाहारीच. ताटात मांस नाही एवढ्यावर काही ठरत नाही. वनस्पती किती आणि किती तऱ्हेच्या, यावर ठरतं.

अमेरिकेत हजारो लोकांच्या नमुन्यांवर आधारलेल्या एका प्रकल्पात २०१८ मध्ये असं दिसलं की आठवड्यात ३० पेक्षा जास्त वेगवेगळ्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यातले जिवाणू १० किंवा कमी खाणाऱ्यांपेक्षा जास्त विविध होते. मग ती माणसं स्वतःला शाकाहारी म्हणवोत की नाही. ३० हा काही मंत्र नव्हे, पण मोजायला मजा येते. भोगीची भाजी घ्या: वांगं, गाजर, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, शेंगदाणे, तीळ, बोरं. सोबत बाजरीची भाकरी. एका जेवणात नऊ! गोड्या मसाल्यातले धणे, जिरं, लवंग, दालचिनी यांचं प्रमाण चिमूटभर, म्हणून मी त्यांना पाव गुण देते. दगडफुलाला किती द्यायचा हा पेचच आहे, कारण ती मुळात वनस्पतीच नाही. बुरशी आणि शेवाळ यांचा संसार आहे तो.

ऋषिपंचमीची भाजी तर माझी लाडकी. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही या नियमामुळे परसातलं आणि रानातलं सगळं त्यात येतं: अळू, लाल माठ, अंबाडी, शिराळं, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस. वर्षातून एकदाच का करायची, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

खाणं बदलून उदासी जाते का?

ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले ६७ जण, १२ आठवडे. एका गटाला आहारतज्ज्ञाने कडधान्यं, भाज्या, फळं, अख्खी धान्यं, दाणे, मासे असं खाणं शिकवलं; दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ गप्पागोष्टींची सोबत दिली. पहिल्या गटातले ३२ टक्के नैराश्याच्या व्याख्येबाहेर आले, दुसऱ्यातले ८ टक्के.

आकडा आशेचा आहे. पण माणसं थोडी होती, आपण कोणत्या गटात आहोत हे त्यांना माहीत होतं, आणि बहुतेकांचे आधीचे उपचार चालूच होते. म्हणून माझ्याकडे कुणी "गोळ्या बंद करून ज्वारी सुरू करते" म्हणत आलं की मी आधी त्यांना त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे परत पाठवते. भाकरी गोळीच्या जोडीला. गोळीच्या जागी नव्हे.

यात माती कुठून आली?

आयोडीनपासून सुरुवात करू, कारण माती ते मेंदू हा प्रवास इतका लख्ख दुसरीकडे कुठे दिसत नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात पाऊस, हिमनद्या आणि पूर यांनी मातीतलं आयोडीन धुऊन नेलं. तिथल्या धान्यात, भाज्यांत ते उतरत नव्हतं. परिणाम गळ्यावर दिसायचा, गलगंड; आणि गळ्याहून वाईट परिणाम पोटातल्या बाळावर व्हायचा, कारण गरोदरपणी आयोडीन कमी पडलं की बाळाच्या मेंदूची वाढच खुंटते. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं. जिथे दिलं तिथे गलगंड घटला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि आज ते मीठ आपल्या डब्यात आहे. मातीत जे नव्हतं ते मिठातून दिलं, एवढी साधी गोष्ट.

(म्हणून घरातलं आयोडीनयुक्त मीठ काढून सगळा स्वयंपाक सैंधवावर नेणाऱ्यांना मी दरवेळी टोकते. विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर.)

फिनलंडने उलट बाजूने तेच केलं. तिथल्या जमिनीत सेलेनियम, म्हणजे शरीराला किंचितच लागणारं एक खनिज, फार कमी. १९८४ मध्ये त्यांनी ते रासायनिक खतांतच मिसळायचा निर्णय घेतला. पिकात उतरलं, गाईच्या दुधात उतरलं, आणि साऱ्या देशाच्या रक्तातलं प्रमाण वाढलं. जमिनीत टाकलेलं माणसापर्यंत पोहोचतं याचा याहून मोठा दाखला नाही.

आपल्याकडची अडचण आहे जस्ताची. भारतातल्या तपासलेल्या मातीच्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त नमुन्यांत जस्त कमी निघालं आहे. दख्खनच्या काळ्या जमिनीचं दुखणं आणखी वेगळं. ती विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची), बऱ्याच ठिकाणी चुनखडीची. लोह तिच्यात असतं, पण कुलूपबंद. पिकाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकऱ्याला हे लांबूनच ओळखू येतं. कुजलेलं शेणखत, पालापाचोळा, पाचट जमिनीत गेलं की त्यातली सेंद्रिय आम्लं हे कुलूप थोडं सैल करतात. मुळांवर राहणारी मायकोरायझा नावाची बुरशी तर आपल्या बारीक धाग्यांनी लांबवरचं स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त मुळापर्यंत ओढून आणते. फुकट काम करणारा मजूरच तो. स्फुरदाचं खत भरमसाट ओतलं की झाड त्याला पोसणं बंद करतं.

जस्त, लोह, आयोडीन हे तिन्ही मेंदूला लागतात, हे पाठ्यपुस्तकातलं. तेव्हा माती महत्त्वाची आहे, यात वाद नाही. वाद आहे तो पुढच्या प्रश्नात.

मातीतले चांगले जिवाणू भाजीबरोबर पोटात जावेत म्हणून भाजी कमी धुवावी, असं ऐकलं. खरं का?

नाही. कृपा करून असं करू नका. मातीत राहणारे बहुतेक जिवाणू आतड्याच्या अंधारात, प्राणवायूशिवाय तग धरत नाहीत. उलट न धुतलेल्या भाजीतून जे पोटात जाऊन टिकतं ते नकोसंच असतं. मैल्याचं पाणी लागलेल्या कोथिंबिरीतून, कोबीतून, गाजरातून पट्टकृमीची अंडी पोटात जातात आणि त्यातून निघालेली अळी मेंदूत जाऊन गाठ करून बसते. भारतात मोठेपणी अचानक सुरू होणाऱ्या फिटचं हे एक प्रमुख कारण आहे. यासाठी डुकराचं मांस खावं लागत नाही. अंडी माणसाच्या विष्ठेतून पसरतात, म्हणून शुद्ध शाकाहाऱ्यांनाही होतं. माती-आतडं-मेंदू हा असाही प्रवास असतो! सॅलडची भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, पानं सुटी करून धुवा. मुंबईत रुळांकडेला पिकवलेली पालेभाजी कच्ची तर नकोच.

पण मातीत हात घालणं वेगळं. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती, गवत आणि झाडोरा आणून टाकला. तीन ते पाच वर्षांची मुलं २८ दिवस त्यात खेळली. त्यांच्या कातडीवरचे जिवाणू जास्त विविध झाले, आतड्यातल्या जिवाणूंतही बदल दिसला, आणि रक्तात प्रतिकारशक्तीचा समतोल सुधारल्याच्या खुणा दिसल्या. हा अभ्यास २०२० चा, मुलं ७५. मुलांना चिखलात खेळू द्या, आणि जेवायच्या आधी हात धुवायला लावा. आपल्या आज्या हेच करायच्या. धनुर्वाताची लस तेवढी झालेली हवी.

मातीतला मायकोबॅक्टेरियम व्हॅकी हा जिवाणू टोचल्यावर उंदरांच्या मेंदूतल्या सेरोटोनिनच्या पेशी जाग्या झाल्या, हे २००७ चं संशोधन फिरत असतं. उंदीर, आणि टोचलेला जिवाणू. त्यावरून बागकामाने नैराश्य बरं होतं म्हणणं म्हणजे फार लांबची उडी झाली. बागेत बरं वाटतं त्याला ऊन, हालचाल आणि फोनपासून सुटका ही कारणं पुरेशी आहेत.

जमीन जिवंत आहे हे कसं ओळखायचं?

हे मला माझ्या काकांनी शिकवलं. फुलोऱ्यात आलेलं हरभऱ्याचं एक रोप हळूच, खुरप्याने भोवतालची माती सैल करून उपटा. ओढू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. मुळांवर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर निघाली तर रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र (नायट्रोजन) पकडायच्या कामावर आहेत. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलतभावाचा. आत पांढरी किंवा हिरवट निघाली तर गाठ रिकामटेकडी. काका गाठ फोडून बोट माझ्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "बघ, जमिनीला रक्त आहे."

शेतकरी ज्याला बेवड म्हणतात, म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला कस, ते यातूनच येतं. हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या बेवडावर पुढचं पीक चांगलं येतं, हे सांगायला कुणाला प्रयोगशाळा लागली नाही. आता कागदावरही बघता येतं: माती तपासून शेतकऱ्याला २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी असतात, त्यात जस्त, लोह आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्याशेणातून आलेला कार्बन) आहेत. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली असेल तर जमीन उपाशी आहे असं समजतात. धसकटं पेटवून देण्याआधी तो आकडा एकदा बघावा.

आणि शहरातल्या खाणाऱ्याचा यात वाटा कोणता? तो फक्त गहू आणि तांदूळच विकत घेणार असेल, तर शेतकऱ्याने तूर, हुलगा, मटकी, करडई कुणासाठी पेरायची? पिकांची फेरपालट ताटातून सुरू होते. हुलग्याचं माडगं शेवटचं कधी केलंत?

सेंद्रिय भाजी जास्त पौष्टिक असते का?

अभ्यास दोन्हीकडे झुकतात. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या आढाव्यात पोषणमूल्यांत फारसा फरक दिसला नव्हता. २०१४ मध्ये ३४३ अभ्यासांच्या दुसऱ्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत काही अँटिऑक्सिडंट (पेशींची झीज रोखणारी द्रव्यं) जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू व कीटकनाशकांचे अंश कमी दिसले. परवडत असेल, माणूस विश्वासाचा असेल, तर घ्या. पण महाग म्हणून एकच सेंद्रिय जुडी आणण्यापेक्षा त्या पैशात मंडईतल्या तीन तऱ्हेच्या जुड्या आणा, हे माझं मत.

ताक, आंबील, लोणचं यांचा उपयोग?

स्टॅनफर्डच्याच २०२१ च्या एका छोट्या प्रयोगात ३६ जणांपैकी निम्म्यांना दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर दिले. त्यांच्या आतड्यातली विविधता वाढली, दाहाची लक्षणं दाखवणारी १९ प्रथिनं घटली. नुसता चोथा वाढवलेल्या गटात एवढ्या थोड्या दिवसांत विविधता वाढली नाही. म्हणजे दोन्ही हवेत.

घरचं ताजं ताक उत्तम. आंबील आपण आंबवून मग शिजवतो, त्यामुळे जिवंत जिवाणू उरत नाहीत; पण पीठ आंबताना त्यातलं लोह-जस्त अडकवून ठेवणारं फायटेट फुटतं आणि लोह-जस्त शरीराला लागू पडतं. तिला जिवंतपणा हवा असेल तर कोमट झाल्यावर ताक घाला, कढत असताना नाही. कैरीचं तेलातलं लोणचं मात्र या यादीत बसत नाही. ते तेल, मीठ आणि मोहरीच्या जोरावर टिकतं. खा, पण औषध म्हणून नको.

फक्त वनस्पतींवर राहिलं तर मेंदूला काही कमी पडतं का?

पडतं. ब-१२ जीवनसत्त्व. आणि आपल्याकडे तर दूध पिणाऱ्यांनाही पडतं. पुण्यात ४४१ मध्यमवयीन पुरुषांवर झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६७ टक्क्यांच्या रक्तात ब-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. पाय बधिर होणं, मुंग्या, विसराळूपणा, चिडचिड, उदासी. "वय झालं" म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी तक्रारी यातूनच असतात.

हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती बनवत नाही, कोणताही प्राणीही नाही. फक्त सूक्ष्मजीव बनवतात. गाईच्या पोटातले जिवाणू ते बनवतात, आणि त्यासाठी त्यांना चाऱ्यातून, म्हणजे मातीतून, कोबाल्ट लागतं. कोबाल्ट नसलेल्या कुरणांवर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या मेंढ्या खंगून मरत होत्या, त्याचं कारण १९३० च्या दशकात सापडलं. म्हणजे इथेही शेवटी मातीच!

पण म्हणून स्पिरुलिना, मोडाची मटकी किंवा "गावरान मातीतली भाजी" यातून ब-१२ मिळेल या भरवशावर राहू नका. दूधदुभतंही सोडलेल्यांनी गोळी घ्यायचीच. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांनी रक्त तपासून घ्या.

प्रोबायोटिकची (जिवंत जिवाणूंची) महागडी पाकिटं?

डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी दिली असतील तर घ्या. एरवी त्या पैशात मूग आणि पेरू येतात.

आमच्याकडे शेत नाही, बाल्कनी आहे. काही करता येईल?

मेथी लावा. दाणे रात्रभर भिजवायचे, पसरट कुंडीत निम्मी माती आणि निम्मं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, वर बोटाच्या एका पेराएवढाही थर नको. तीन-चार दिवसांत उगवते, तीन-चार आठवड्यांत जुडी. शेणखत ताजं नको. हातात घेतल्यावर भुसभुशीत लागलं पाहिजे आणि पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास आला पाहिजे. तो वास येतो मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिनचा. शेणाचाच वास येत असेल तर अजून महिनाभर थांबा.